ताईनं मोजलेला उजेड

फोन आला तेव्हा मी शर्टाची बटणं लावत होतो. डाव्या हातानं बटणं लावणं ही काय कटकट आहे ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. अर्धी सकाळ त्यातच जाते, आणि मधे कुणी बोललेलं मला खपत नाही. रेखा, म्हणजे माझी बायको, फोन हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "थांब, एवढं एक लावू दे." ती थांबली. मी ते बटण लावलं, मग त्याच्या खालचंही लावलं... कारण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं, आणि बटणं संपेपर्यंत तरी मला ते ऐकायचं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मधुराचा फोन होता. ताई गेल्या." मधुरा आमची मुलगी. त्या रात्री ठाण्याच्या हॉस्पिटलात आत्याजवळ तीच होती. मी विचारलं, "झोपेत?" रेखा म्हणाली, "हो, झोपेतच." तेवढं एक बरं झालं. बाकी काही बरं झालेलं नाही. काही आठवडे होऊन गेले, भेटायला येणारे "सुटल्या हो" म्हणून जातात, पण मला अजून तसं म्हणवत नाही.

शैलाताई माझी सख्खी मोठी बहीण. ठाण्याच्या एका कॉलेजात तिनं जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्या मावश्या-काकवांना ती "राहून गेलं" एवढंच सांगायची, जसं काही गॅसचं बुकिंग राहून गेलं. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आई आणि ती राहायच्या, आई गेल्यावर ती एकटीच. पेपरात तिच्या निधनाची दोन ओळींची बातमी आली, त्यात 'निवृत्त प्राध्यापिका' आणि 'विद्यार्थिप्रिय' असे शब्द होते. विद्यार्थिप्रिय ती अजिबात नव्हती. विद्यार्थी तिला टरकून असायचे. आणि जे काम तिनं खऱ्या अर्थानं जीव लावून केलं त्याबद्दल त्या बातमीत एक अक्षर नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलोय. ताई माणसाच्या अंगातून निघणारा उजेड मोजायची.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसलो होतो. तिनं मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ताई, तू एवढी शिकलेली, आणि आता बाबा-बुवांच्या नादी लागलीस का? तेव्हा तिनं मला खुर्चीत बसवून वर्गात शिकवावं तसं समजावलं. आपण श्वास घेतो, जेवतो, अंगात सतत काहीतरी जळत असतं, आणि त्या सगळ्या खटाटोपात कातडीतून उजेडाचे अगदी तुरळक कण बाहेर पडत राहतात. अंगाच्या उष्णतेचा हा प्रकार नव्हे, तो वेगळा. हा इतका क्षीण की कितीही काळोखात बसलात तरी डोळ्यांना दिसायचा नाही. पण असतो. तुमच्यात असतो, माझ्यात असतो, मोड आलेल्या मुगातसुद्धा असतो. जगात ठिकठिकाणी लोक तो मोजतात, ही काही ताईच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हती. मी वीज कंपनीच्या कल्याणच्या ऑफिसात बिलांच्या विभागात नोकरी केली. मी तिला म्हणालो, "ज्या उजेडाचं बिल निघत नाही तो माझ्या काय कामाचा?" ती म्हणाली, "तुझ्या कंपनीचा उजेड दर शुक्रवारी जातो. हा जात नाही."

तिच्या घरात मधे एक बिनखिडकीची छोटी खोली होती. आई तिथे देव आणि वाणसामान ठेवायची. निवृत्त झाल्यावर ताईनं ती खोली रिकामी केली. भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळं काळं रंगवून घेतलं. दाराच्या फटींना जाड लोकरी नमदा ठोकला आणि आत दुहेरी काळा पडदा लावला. मग बाहेरून मागवलेली एक काचेची नळी तिनं पत्र्याच्या पेटीत बसवली. फोटोमल्टिप्लायर म्हणतात तिला, उजेडाचा एकेक कण पकडून त्याची नोंद करते. पेटीच्या पुढच्या बाजूला हात घालायला भोक आणि त्याला काळ्या मखमलीची बाही. आकडे बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर जायचे, पण आत अंधारात ऐकायला तिनं एक छोटा स्पीकर जोडला होता. कण सापडला की टिक. फोडणीतली शेवटची मोहरी थांबून थांबून तडतडते ना, तसा आवाज यायचा. आईला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "हिनं देव बाहेर काढले आणि काळोख आत घेतला." पण ताईनं पहिला हात मोजला तो आईचाच. मी तेव्हा तिथे होतो. मोजून झाल्यावर आई बाहेर येऊन बसली, पदरानं तोंड पुसलं आणि जरा लाजतच म्हणाली, "माझ्यात आहे का गं उजेड?" ताई म्हणाली, "आहे की. सगळ्यांत असतो." आई म्हणाली, "तसं नाही. बाकीच्यांपेक्षा?" ताईनं कागद पाहिला आणि सांगितलं, "मध्यम." एवढी व्रतवैकल्यं करणाऱ्या बाईला पोटच्या मुलीनं मध्यम म्हणावं... आई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. मी ताईला म्हटलं, अगं, जास्त आहे म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोललोय.

त्या खोलीचे नियम मोठे कडक होते. येताना तळव्याला ऊन लागू द्यायचं नाही, कारण कातडी उन्हातून आली की काही वेळ उसना उजेड सोडत राहते. क्रीम नको, नेलपॉलिश नको. हात साबणानं धुवायचे, मग स्पिरिटनं पुसायचे, आणि मग तासभर त्या मिट्ट काळोखात नुसतं बसायचं, हातातला बाहेरचा उजेड पूर्ण सरेपर्यंत. सगळ्यांत मोठं पथ्य हळदीचं. हळदीचा हात म्हणे फार वेळ फसवतो. म्हणून बाईमाणूस आलं की ताईचा पहिला प्रश्न, "आज स्वयंपाक करून आलात का?" शेजारच्या बाईंना वाटलं ही जेवायला थांबवून घेतेय, त्या म्हणाल्या, "नाही हो, तुमच्याकडेच चार घास खाईन." एकदा डोंबिवलीचे एक गृहस्थ आले. लोकांचं तेजोवलय बघून आजार सांगण्याचं त्यांचं केंद्र होतं, भिंतीवर रंगीत फोटोबिटो लावलेले. त्यांचं म्हणणं, मॅडम, तुमचं मशीन आणि आमची माणसं, दोघांचं भलं होईल. ताईनं त्यांना तासभर काळोखात बसवलं, तळवा मोजला, मग मोड आलेल्या मुगाची वाटी मोजली आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा मुगाचा आकडा जास्त आहे. आता याची उसळ करणार आहे, थांबताय का?" ते थांबले नाहीत. ते गेल्यावर मला म्हणाली, "अवी, हा उजेड माणसाबद्दल नक्की काय सांगतो ते मला अजून माहीत नाही. ज्यांना लगेच कळतं त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं." अशी ती होती. तिच्याकडून शाबासकी मिळवणं म्हणजे महाकर्मकठीण, पण मिळाली तर ती खरी असणार, एवढी खात्री असायची.

मग माझी उजवी बाजू गेली. सकाळी चहाचा कप उचलायला गेलो आणि कप खाली, मी खाली. हॉस्पिटल, आयसीयू, ते सगळं नेहमीचं झालं. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन चालायला लागलो. हात काही आला नाही. खांद्यापासून खाली लोंबकळायचा, बोटं मिटलेली, आणि मनगटाला सूज. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की इतके महिने झाल्यावर फार आशा ठेवू नका, डाव्या हाताची सवय करा. त्यांना काय माहीत तो हात काय करायचा. आमच्या घरचा गणपती मी करायचो. वडील करायचे, त्यांच्यानंतर मी. पेणहून शाडू आणायचा आणि गॅलरीत बसून हातानं मूर्ती घडवायची, साचा वापरायचा नाही. मी ऑफिसात नुसता कारकुनी डोक्याचा माणूस, बढती चुकलेला. पण सोंडेचा बाक काढताना, शेवटी डोळे रेखताना मी कुणीतरी होतो. बिल्डिंगमधले लोक आषाढात आपापले पाट विठ्ठलवाडीच्या कारखान्यात नेऊन द्यायचे, म्हणजे त्यांच्या पाटावर मूर्ती तयार होऊन यायची. आमचा पाट कधीच घराबाहेर गेला नव्हता. मला त्याचा माज होता म्हणा हवं तर. त्या वर्षी तो पाट देव्हाऱ्याखाली पडून होता आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघत होतो.

ताई म्हणाली, "तुझे दोन्ही हात मोजून बघू या का? अशा आजारात दोन हातांच्या उजेडात फरक पडतो असं काही जणांना दिसलंय. औषध नव्हे हे, नुसतं बघणं." मग दर रविवारी मधुरा मला गाडीत घालून डोंबिवलीहून नौपाड्याला न्यायची. जिना चढतानाच माझा जीव अर्धा व्हायचा. वर पोचलो की ताई मला पंख्याखाली बसवायची, सरबत द्यायची आणि थेट पेटीपाशी न्यायची. हात धुणं नाही, स्पिरिट नाही, तासभराचं बसणं नाही. मुठीतली बोटं उघडायला गेलं की मी कळवळायचो ना, म्हणून. मी एकदा म्हटलं, "ताई, आणि तुझे नियम?" ती म्हणाली, "तू दमतोस रे. तुझ्या दोन हातांची एकमेकांशीच तुलना करायचीय, चालेल तेवढं." आईला तिनं सूट दिली नव्हती. साऱ्या जन्मात तिनं सूट दिली ती एका मला.

पहिले काही रविवार उजव्या हाताचा आकडा डाव्यापेक्षा कमी होता. मग एका रविवारी स्पीकर भराभर वाजायला लागला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ताईनं डावा हात घालायला लावला, आवाज मंदावला. परत उजवा, परत भराभर. पुढच्या रविवारी तेच. ती बाहेर जाऊन आकडे बघून आली आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसली. साठी कधीच उलटून गेलेली बाई, गुडघे दुखणारी, जमिनीवर बसली. माझा तो मेलेला हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "अवी, उजवा जास्त देतोय. हात जागा होतोय रे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईला मध्यम म्हणणारी बाई असं बोलली म्हटल्यावर मी डॉक्टरांचं कशाला ऐकतो? त्या दिवशी घरी शिरा झाला. मी डाव्या हातानं लिहिण्याचा सराव बंद केला, कशाला हवा? व्यायाम दुप्पट केला. आषाढ लागला तशी रेखा चाचरत म्हणाली, "यंदा नुसता पाट देऊन ठेवू या का? सोपं पडेल." मी तिच्यावर असा ओरडलो की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. दुसऱ्या दिवशी मी शाडूची पोती मागवली आणि गॅलरीत रचून ठेवली.

मनगटाची सूज उतरली आणि उजव्या हाताचा आकडाही उतरायला लागला. रविवारी मोजून झालं की ताई कागद घडी करून ठेवायची, मला दाखवायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "बघते." आणि एकदा तिनं रेखाला सहज विचारावं तसं विचारलं, "सुजेवर काय लावत होतीस गं?" रेखा म्हणाली, "आंबेहळदीचा लेप. सूज हटेना म्हणून मधे सुरू केला होता. रात्री बांधायचा, सकाळी पुसून काढायचा. आता सूज उतरली म्हणून बंद केलाय." त्यात लपवण्यासारखं काय होतं? आमच्याकडे सुजेला आंबेहळदच लावतात. आईनं ताईलाही लहानपणी तीच लावली होती. रात्री लेप, सकाळी पुसलेला पिवळट हात गाडीच्या खिडकीत उन्हात ठेवून मी डोंबिवलीहून ठाण्याला जायचो, आणि तो तसाच पेटीत जायचा. ताईनं नंतर स्वतःच्या हाताला लेप लावून पाहिला, पुसला, गॅलरीतल्या उन्हात उभी राहिली आणि तो हात पेटीत घातला. तिचाही आकडा तसाच उसळला.

हे सांगायला ती एका दुपारी एकटीच डोंबिवलीला आली. दार रेखानं उघडलं. दोघी स्वयंपाकघरात काहीतरी बोलत होत्या. आमच्या भिंती काही फार जाड नाहीत, मी बाहेर खाटेवर होतो. रेखा म्हणत होती, "ताई, पाया पडते, गणपती होऊ द्या. त्या आशेवर ते उठून बसतायत. मग सांगा हवं तर." ताई म्हणाली, "आणि उद्या माती पुढ्यात घेऊन बसला की? तेव्हा त्याला काय सांगू, रेखा?" त्यानंतर ती बाहेर आली. खुर्ची ओढून बसली. "अवी, माझं चुकलं. तुझ्या हातावर हळद होती. तो उजेड हळदीचा होता." मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "आणि हात?" ती म्हणाली, "हात होता तसाच आहे." मी म्हणालो, "जगाला धुवायला लावतेस, तासतासभर बसवतेस... मला का नाही लावलंस?" ती म्हणाली, "तुला त्रास होईल म्हणून." मी म्हटलं, "निघ तू इथून." ती निघाली नाही. रेखानं आणलेला चहा दोघांपुढे गार होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग पर्स उचलून गेली. मी गॅलरीकडे पाठ करून झोपलो.

लोक म्हणतात, खरं सांगितलं ते बरंच केलं. लोकांचं काय जातंय बोलायला. मला तिचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अजून येतो. चुकली म्हणून नव्हे, चुकतात सगळेच. मला तो महिनाभर जी दुनिया मिळाली होती ती तिनंच दिली आणि तिनंच काढून घेतली, याचा राग. शेवटी पाट गेला विठ्ठलवाडीला. कारखानदारानं रेखाला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे तर साहेब घरीच करतात ना?" रेखा म्हणाली, "यंदा नाही." मूर्ती आली, सुबक होती, डोळेसुद्धा चांगले रेखले होते. मी आरतीला खोलीत होतो, पण तिच्याकडे बघितलं नाही. ताई आली होती, सगळ्यांच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्याशी बोलायचा तिनं प्रयत्न केला नाही.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी ती पुन्हा आली, पिशवीत दोन दुरेघी वह्या. शाळेतली पोरं गिरवतात तसल्या. एक माझ्यापुढे ठेवली, एक स्वतःपुढे. मी म्हटलं, "तुला कशाला?" ती म्हणाली, "मलाही डाव्या हातानं येत नाही." आणि समोर बसून अ आ इ ई काढायला लागली. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो, मग पेन्सिल उचलली. असे किती रविवार गेले कुणास ठाऊक. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट यायचं, आणि ती काही मला बरं वाटावं म्हणून तसं काढत नव्हती, तेवढं नाटक तिला जमलंच नसतं. रेखा म्हणायची, दोघं बालवाडीत बसल्यासारखे दिसता. हा लेख मी डाव्या हातानं लिहिलाय. ज्यानं टाइप केला असेल त्याची मी माफी मागतो, पण अक्षर लागलं असेल तर त्याचं श्रेय माझं एकट्याचं नाही.

एकदा ती म्हणाली, "चुकीचं मोजलं होतं ते एकदा नीट मोजायचंय. येशील?" मला जायचं नव्हतं, तरी गेलो. या वेळी तिनं मला बेसिनपाशी स्टुलावर बसवलं आणि माझा उजवा हात स्वतः धुतला. एकेक बोट उलगडून, नखांच्या कडा, रेषा, सगळं. दुखलं तरी थांबली नाही. मग आम्ही दोघं त्या काळ्या खोलीत जाऊन बसलो, तासभर काहीही न करता. तिथे आपला हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. बाहेर कमी बोलणारी ताई त्या काळोखात बरंच बोलायची. आईबद्दल बोलली, वडील तिला शाडूला हात लावू द्यायचे नाहीत त्याबद्दल बोलली, हे मला माहीतच नव्हतं. मी शेवटी विचारलं, "रेखा एवढी सांगत होती... का नाही गप्प बसलीस?" ती म्हणाली, "बसावंसं वाटलं होतं. पण उद्या तू मला आणखी काही विचारशील. तेव्हा माझ्या 'हो'वर तू कसा विश्वास ठेवशील?" मग मोजलं. उजवा डाव्यापेक्षा कमीच निघाला. ती म्हणाली, "कमी आहे. पण आहे." आणि दिवा लावला.

यंदा थंडीत तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी मला आणि मधुराला बाहेर बोलावून सांगितलं. मधुरा म्हणाली, "बाबा, आत्याला नको सांगू या. उमेद खचेल." मी मान हलवली आणि आत गेलो. ताई पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होती. मधुरा चहा आणायला खाली गेली तशी ती म्हणाली, "अवी, रिपोर्ट काय आलाय?" मी माझ्या काठीकडे बघत बसलो. मला 'बरी होशील' म्हणता आलं असतं, शब्द जिभेवर आलेही होते. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिनं मधुराला नाही, डॉक्टरला नाही, मला विचारलं होतं. मी म्हणालो, "पसरलंय, ताई. लिव्हरपर्यंत गेलंय." ती म्हणाली, "ऑपरेशन?" मी म्हटलं, "उपयोग नाही म्हणतात." ती "बरं" म्हणाली. थोड्या वेळानं तिनं माझा हात ओढून घेतला, उजवाच, आणि म्हणाली, "तुला जड गेलं असेल सांगायला." बस्स, तिथे मी रडलो. त्या दुपारी एकटी डोंबिवलीला येताना तिला तो रस्ता कसा गेला असेल हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून तो एकटा नाही.

आमची शेवटची नीट भेट झाली तेव्हा तिनं सगळी निरवानिरव सांगितली. पुस्तकं कुणाला, साड्या कुणाला. "मशीन कॉलेजला दे. देण्याआधी एकदा काळोखात रिकामं चालवून बघ, नळी धड आहे ना ते कळेल. आणि ऐक, पेटीत काही नसलं तरी ते मधूनमधून टिकटिक करतं. नळीच्या स्वतःच्या उष्णतेनं होतं ते, सगळ्याच नळ्यांत असतं. मी दरवेळी आधी तेवढं मोजून घ्यायची आणि आकड्यातून वजा करायची. तेव्हा उगाच मी आले असं समजू नकोस." एवढं बोलून ती हसली, हसता हसता खोकली. मी नाही हसलो. त्यानंतर ती ग्लानीतच गेली.

परवा रविवारी मी आणि रेखा नौपाड्याला गेलो. सोमवारी कॉलेजची माणसं मशीन न्यायला यायची होती. घर बंद होतं म्हणून कोंदट वास होता. रेखा खिडक्या उघडायला लागली. मी आत त्या खोलीत गेलो, मधुरानं फोनवर सांगितलं तशी बटणं दाबली, दार लावलं, पडदा ओढला आणि ताईच्या खुर्चीवर बसलो. आधी काहीच नव्हतं, फक्त काळोख. मग पेटीतून एक टिक आली. बऱ्याच वेळानं दुसरी. मग दोन लागोपाठ. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आली. दहाव्याला कावळा शिवला की म्हणतात ना, तसं हात जोडून म्हणालं असतं. मलाही म्हणायचं होतं. देवाशप्पथ सांगतो, फार म्हणायचं होतं. सख्ख्या बहिणीच्या मागे माणसाला तेवढी तरी मुभा असावी की नाही? पण ती मला सांगून गेली होती, आणि तिनं सांगितलेलं खोटं निघत नाही हे मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. टिक... टिक... नळीची उष्णता, बाकी काही नाही. मी मोजत बसलो नाही, नुसतं ऐकत बसलो.

बाहेरून रेखानं विचारलं, "अहो, आहे का काही आत?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि बसून राहिलो.